करारावरची सही

९ जून २०१०. फिलाडेल्फिया. बर्फावरच्या हॉकीतल्या स्टॅन्ली कपच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना ३-३ अशा बरोबरीत आला आणि जादा वेळ सुरू झाला. शिकागोच्या पॅट्रिक केननं डाव्या बाजूनं, गोलरेषेच्या अगदी जवळून, अशा कोनातून फटका मारला की जिथून सहसा कुणी मारत नाही. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, दिसेनासा झाला. केन एकटाच दोन्ही हात उंचावून दुसऱ्या टोकाकडे धावत सुटला. त्याचे सहकारी, प्रतिस्पर्धी, प्रेक्षक, सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. पक गोलरक्षक मायकेल लेटनच्या पॅडखालून सरकून जाळ्याच्या तळाशी अडकला होता. शिकागोनं कप जिंकला, आणि त्या रात्रीपासून लेटन हे नाव त्या एका गोलाशी कायमचं जोडलं गेलं.

मला लेटनबद्दल नेहमी वाईट वाटत आलं आहे. त्याच लेटननं आधीच्या फेरीत मॉन्ट्रियलविरुद्ध तीन सामन्यांत एकही गोल होऊ दिला नव्हता. आणि तो त्या जाळ्यासमोर उभा होता तो स्वतःच्या हट्टानं नव्हे. डिसेंबर २००९ मध्ये कॅरोलायनाच्या संघानं त्याला मोकळं केलं, आणि फिलाडेल्फिया फ्लायर्सनं वेव्हर्सच्या, म्हणजे संघांनी सोडलेल्या खेळाडूंच्या, यादीतून त्याला उचललं. अंतिम फेरीपर्यंत जाण्याची ताकद असलेल्या संघाकडे भरवशाचा गोलरक्षक का नव्हता, हा प्रश्न लेटनला विचारायचा नसतो. तो विचारायचा असतो जनरल मॅनेजरला. त्या वेळी हे पद पॉल होल्मग्रेन यांच्याकडे होतं.

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खडकीचं मैदान येतं, धनराज पिल्ले येतो. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीचा कारभार मात्र वेगळा चालतो. तिथल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, आज रात्री कोण खेळणार हे प्रशिक्षक ठरवतो. पण त्याच्या हाताशी कोण असणार, किती पैशांत आणि किती वर्षांसाठी, हे जनरल मॅनेजर ठरवतो. २००५ पासून तिथे प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. २०११-१२ च्या हंगामात ती ६ कोटी ४३ लाख डॉलर होती. गोलरक्षकाला जास्त दिलेला प्रत्येक डॉलर बचावपटूच्या किंवा आघाडीच्या खेळाडूच्या वाट्यातून जातो. श्रीमंत मालक असला तरी चूक पैशांनी झाकता येत नाही, आणि म्हणूनच तिथे जनरल मॅनेजरची सही इतकी वजनदार असते.

गोलरक्षकाची पारख इतकी अवघड का, हे आकड्यांतून चांगलं कळतं. सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळं. तीन इंच व्यासाची कठीण रबराची चकती. एका सामन्यात साधारण तीस फटके येतात. चांगला गोलरक्षक शंभरातले ९२ अडवतो, सुमार गोलरक्षक ९०. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण हंगामात साठ सामने खेळणाऱ्या गोलरक्षकावर अठराशे फटके येतात, आणि त्यात दोन टक्के म्हणजे ३६ गोल. एवढ्या गोलांवर एखादा संघ प्लेऑफला पोहोचतो किंवा घरी बसतो.

आता याची दुसरी बाजू पाहा. पंधराशे फटक्यांत ९१ टक्के अडवणारा आणि ९२ टक्के अडवणारा यांच्यात फरक पडतो पंधरा गोलांचा. आणि तेवढ्याच फटक्यांत निव्वळ नशिबानं, पक खांबाला लागून आत गेला की बाहेर, एवढ्यानं दहा-अकरा गोल सहज इकडचे तिकडे होतात. म्हणजे एका हंगामाच्या आकड्यांवरून कोण खरंच चांगला आणि कोणाचं वर्ष चांगलं गेलं, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय समोरचा बचाव कसा आहे, फटके जवळून येतात की लांबून, यावरही तो आकडा हलतो. जी जागा सर्वांत महत्त्वाची, तिच्याबद्दलच सर्वांत कमी खात्री. अशा ठिकाणी घाई करणं हा मोठाच दोष, आणि फिलाडेल्फियात तोच घडला.

त्या शहराला गोलरक्षकाचं वेड आहे आणि जखमही आहे. १९७४ आणि १९७५ मध्ये फ्लायर्सनं लागोपाठ दोन कप जिंकले ते बर्नी परांटच्या जोरावर. देवाखालोखाल वाचवणारा बर्नीच, अशा अर्थाची स्टिकरं तेव्हा तिथल्या मोटारींवर असत. त्या परांटची कथा या लेखाच्या विषयाशी फार जवळची आहे. १९७१ मध्ये फ्लायर्सचे जनरल मॅनेजर कीथ अॅलन यांनी त्याला टोरांटोला देऊन टाकलं होतं. मधे तो प्रतिस्पर्धी लीगमध्ये एक हंगाम खेळून आला. १९७३ मध्ये अॅलन यांनीच त्याला परत आणलं, त्यासाठी आपला गोलरक्षक डग फॅवेल आणि ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, पहिल्या फेरीतली निवड मोजली. आपण सोडलेला माणूस आपणच जास्त किंमत देऊन परत आणायला मनाचा मोठेपणा लागतो. पुढच्या दोन वर्षांत दोन कप आले. त्यानंतर आजतागायत फिलाडेल्फियात एकही आलेला नाही.

१९७९ मध्ये डोळ्याच्या दुखापतीनं परांटची कारकीर्द संपली. १९८५ मध्ये वेझिना ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान, स्वीडनच्या पेले लिंडबर्गला मिळाला. तो मिळवणारा तो पहिला युरोपीय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोटार अपघातात तो गेला. १९८६ मध्ये रॉन हेक्स्टॉल आला, १९८७ मध्ये पराभूत संघात असूनही प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि १९९२ मध्ये एरिक लिंड्रॉससाठीच्या अवाढव्य सौद्यात क्वेबेकला गेला. पुढे परतलाही. १९९७ च्या अंतिम फेरीत त्याला आणि गार्थ स्नोला आलटून पालटून उभं करण्यात आलं, आणि डेट्रॉइटनं चारही सामने जिंकले. ही नावं लक्षात असू द्यावीत, कारण यांतले दोघे पुढे स्वतः जनरल मॅनेजर झाले.

तर, २०१०. अंतिम फेरी हरल्यावर होल्मग्रेन यांच्या हाती एक रत्न आधीच आलेलं होतं. मे २०१० मध्ये त्यांनी सायबेरियातल्या नोव्होकुझनेत्स्कच्या एका तरुणाशी करार केला होता. सर्गेई बोब्रोव्स्की. एनएचएलच्या एकाही संघानं ड्राफ्टमध्ये त्याला निवडलं नव्हतं. लेटनची पाठ दुखावली म्हणून ७ ऑक्टोबर २०१० ला पिट्सबर्गमध्ये, तिथल्या नव्या स्टेडियमच्या पहिल्याच सामन्यात, त्याला उभं करावं लागलं. फ्लायर्स ३-२ नं जिंकले. बावीस वर्षांच्या त्या मुलानं हंगामात २८ सामने जिंकून दिले. प्लेऑफमध्ये मात्र तो डळमळला. मग संघाचा दुसरा गोलरक्षक बूशे आला, लेटन आला, पुन्हा बूशे. तीन गोलरक्षक फिरवूनही बोस्टननं त्यांना ४-० असं धुऊन काढलं.

संघाचे संस्थापक-मालक एड स्नायडर यांचा संयम इथे संपला. गोलरक्षकाची ही दुर्दशा पुन्हा बघायची नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. २३ जून २०११ या एका दिवसात होल्मग्रेन यांनी कर्णधार माइक रिचर्ड्सला लॉस एंजेलिसला, जेफ कार्टरला कोलंबसला पाठवलं आणि इल्या ब्रिझगालोव्हशी ९ वर्षांचा, ५ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. तो आदल्याच दिवशी ३१ वर्षांचा झाला होता. करार संपेपर्यंत तो चाळिशीला टेकला असता.

मागाहून शहाणपण सांगणं सोपं असतं, म्हणून त्या दिवशी काय ठाऊक होतं तेवढंच विचारात घेऊ. ब्रिझगालोव्ह चांगला गोलरक्षक होता यात शंका नाही. २००९-१० मध्ये त्यानं ४२ सामने जिंकून दिले होते, वेझिनाच्या अंतिम तिघांत तो होता. पण तो खेळत होता फीनिक्समध्ये, डेव्ह टिपेट यांच्या हाताखाली, जिथे सगळा संघ बचावासाठी बांधलेला होता. नुकत्याच संपलेल्या प्लेऑफमध्ये डेट्रॉइटनं त्यांना चार सामन्यांत गुंडाळलं होतं, आणि त्यात त्यानं ८८ टक्केसुद्धा फटके अडवले नव्हते. चारच वर्षांपूर्वी, नोव्हेंबर २००७ मध्ये, अॅनाहाइमनं त्याला वेव्हर्सवर सोडलं आणि फीनिक्सला तो फुकट मिळाला होता. चांगले गोलरक्षक कधी कधी फुकट मिळतात, हे याच माणसाच्या कारकिर्दीनं दाखवून दिलं होतं! आणि घरात २८ विजयांचा बावीस वर्षांचा मुलगा होता.

होल्मग्रेन यांना मी सर्वस्वी नालायक ठरवणार नाही, कारण त्या दिवसाच्या सौद्यांतून फ्लायर्सना जाकुब वोराचेक, वेन सिमंड्स, ब्रेडन शेन आणि ज्या निवडीतून शॉन कुतुरिए आला ती निवड, असं भरभक्कम काही मिळालं. आघाडीच्या खेळाडूंची त्यांची पारख उत्तम होती. दोष आहे तो गोलरक्षकाबाबत, आणि तो नेमका आहे. त्यांनी गेल्या वर्षीच्या वेदनेवर इलाज केला, पुढच्या नऊ वर्षांचा विचार केला नाही. बोब्रोव्स्कीचं काय होणार, या प्रश्नाचं उत्तर त्या कराराबरोबरच द्यायला हवं होतं. नऊ वर्षांचा करार समोर असताना कुठला तरुण गोलरक्षक दुसऱ्या खुर्चीवर बसून वाट पाहील?

पुढे काय झालं ते थोडक्यात. मार्च २०१२ मध्ये ब्रिझगालोव्ह अप्रतिम खेळला. एप्रिलमध्ये पिट्सबर्गविरुद्धच्या सहा सामन्यांत दोन्ही संघांनी मिळून ५६ गोल केले. फ्लायर्स जिंकले, पण ते आघाडीच्या फळीमुळे. न्यू जर्सीविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात त्यानं जाळ्यापासून दूर मारायला घेतलेला पक डेव्हिड क्लार्कसनला लागून उलटा जाळ्यात गेला. टीव्हीवरच्या मालिकेत विश्वाच्या अफाटपणाबद्दल बोलणारा हा माणूस पत्रकारांना हवाहवासा होता. हरायला लागल्यावर त्याच बोलण्याची टिंगल झाली. मला ती टिंगल अन्यायाची वाटते. त्यानं कुणाकडे नऊ वर्षं हिसकावून घेतली नव्हती, ती त्याला देऊ केली गेली.

२२ जून २०१२ ला बोब्रोव्स्की कोलंबसला गेला. बदल्यात फ्लायर्सना ड्राफ्टमधल्या तीन निवडी मिळाल्या: दुसऱ्या फेरीतली एक, चौथ्या फेरीतल्या दोन. टाळेबंदीनं जवळजवळ निम्म्यावर आलेल्या पुढच्या हंगामात बोब्रोव्स्कीनं ९३.२ टक्के फटके अडवले आणि वेझिना जिंकली. ब्रिझगालोव्हनं अडवले बरोब्बर ९०, आणि फ्लायर्स प्लेऑफला पोहोचलेच नाहीत. जून २०१३ मध्ये नव्या नियमांतली सवलत वापरून त्यांनी त्याचा करार विकत घेऊन संपवला. २ कोटी ३० लाख डॉलर, १४ वर्षांत विभागून. शेवटचा हप्ता २०२६-२७ च्या हंगामातला.

आता जबाबदारीचा हिशेब पाहा. बोब्रोव्स्कीला कोलंबसला आणणारे जनरल मॅनेजर स्कॉट हाउसन यांना फेब्रुवारी २०१३ मध्ये, म्हणजे त्याच वेझिनाच्या हंगामात, काढून टाकण्यात आलं. बोब्रोव्स्कीला सोडणारे होल्मग्रेन मे २०१४ मध्ये क्लबचे अध्यक्ष झाले. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की माझा जीव तडफडतो. अर्थात हाउसन यांना काढण्यामागे इतर अनेक कारणं होती, संघ वर्षानुवर्षं तळाशी होता. तरीही ज्या एका निर्णयात ते अचूक ठरले, त्याचं फळ पाहायला ते खुर्चीत नव्हते.

आणि मालकाचं काय? स्नायडर यांनी इच्छा जाहीर बोलून दाखवली होती. अशा वेळी जनरल मॅनेजरचं काम काय? माझ्या मते तिथेच त्याच्या पदाची खरी कसोटी असते. मालकानं गोलरक्षक मागितला, तो त्याचा अधिकार. नऊ वर्षं, एवढी रक्कम, आणि घरातल्या मुलाकडे दुर्लक्ष, हा तपशील मालकाच्या मागणीतून आपोआप निघत नाही. तो तपशील ज्याच्या सहीनं ठरतो, तो त्याला उत्तरदायी. दबावाखाली सही झाली हे स्पष्टीकरण म्हणून मान्य. माफी म्हणून नाही.

न्यूयॉर्क आयलंडर्सची गोष्ट याहून भयंकर आहे. जून २००० मध्ये माइक मिलबरी यांनी एकवीस वर्षांच्या रॉबर्टो लुओंगोला फ्लोरिडाला देऊन टाकलं, आणि ड्राफ्टमधली पहिली निवड वापरून रिक डिपिएट्रोला घेतलं. २००६ मध्ये मालक चार्ल्स वँग यांच्या कारकिर्दीत डिपिएट्रोला १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाखांचा करार मिळाला. दुखापतींनी तो खचला, ३१८ सामन्यांत कारकीर्द आटोपली, आणि विकत घेतलेल्या कराराचे हप्ते २०२९ पर्यंत चालू राहणार आहेत. लुओंगो ४८९ सामने जिंकून २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. डिपिएट्रोच्या त्या करारावेळी आयलंडर्सचा जनरल मॅनेजर होता गार्थ स्नो, तोच १९९७ चा फ्लायर्सचा गोलरक्षक. गोलरक्षकाची पारख गोलरक्षकाला असते, असं म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

फिलाडेल्फियानंही तेच करून पाहिलं. होल्मग्रेन यांच्या जागी हेक्स्टॉल आला. त्यानं संयम दाखवला, २०१६ मध्ये कार्टर हार्टसारखा तरुण गोलरक्षक निवडला आणि त्याला वेळ दिला. पण तोवर जाळ्यासमोर कोण, याची तजवीज इतकी तोकडी होती की नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याची नोकरी गेली आणि त्या हंगामात फ्लायर्सनं तब्बल आठ गोलरक्षक वापरले. एनएचएलमध्ये हा विक्रम आहे. घाईनं एक चूक झाली होती, अतिसंयमानं दुसरी झाली.

मग बरोबर कोण वागलं? माझं उत्तर बोस्टन आहे. मे २०१० मध्ये फ्लायर्सविरुद्ध ते मालिकेत ३-० नं पुढे होते, सातव्या सामन्यातही ३-० नं पुढे होते, आणि हरले. एनएचएलच्या इतिहासातल्या सर्वांत लाजिरवाण्या पराभवांपैकी हा एक. गोलात होता तरुण तुक्का रास्क. बाकावर होता टिम थॉमस, आदल्या वर्षीचा वेझिना विजेता, वय ३६, महागडा करार, जागा गमावलेला. होल्मग्रेन यांच्यावर होता तसाच दबाव बोस्टनचे जनरल मॅनेजर पीटर चियारेली यांच्यावर असणार. त्यांनी दोघांनाही ठेवलं. पुढच्याच वर्षी थॉमसनं ९३.८ टक्के फटके अडवून कप जिंकून दिला. त्याच प्लेऑफमध्ये त्यांनी फ्लायर्सना ४-० नं हरवलं होतं, म्हणजे होल्मग्रेन यांना ज्या पराभवानं घाबरवलं, तो पराभव न घाबरलेल्या संघानं केला होता. रास्क २०१३ मध्ये बोस्टनला अंतिम फेरीत घेऊन गेला, २०१४ ची वेझिना त्याची. आणि हा रास्क मुळात टोरांटोचा. २००६ मध्ये त्यांनी अँड्र्यू रेक्रॉफ्टच्या बदल्यात तो बोस्टनला दिला होता.

बोब्रोव्स्कीची गोष्ट मात्र माझ्या या सगळ्या मांडणीला शेवटी अडचणीत आणते, आणि ते सांगायलाच हवं. १ जुलै २०१९ ला फ्लोरिडाचे जनरल मॅनेजर डेल टॅलन यांनी त्याला ७ वर्षांसाठी ७ कोटी डॉलर दिले. वय ३०. ब्रिझगालोव्हच्या कराराला घेतलेले जवळजवळ सगळे आक्षेप इथेही लागू होते. पहिल्या हंगामात त्यानं ९० टक्के अडवले, आणि हा करार लीगमधल्या सर्वांत वाईट करारांत गणला जाऊ लागला. २०२० मध्ये टॅलन गेले. २०२३ च्या प्लेऑफची सुरुवात तर अॅलेक्स लायननं केली, फिलाडेल्फियाच्या त्या आठांतल्या एकानं. मग बोब्रोव्स्की परतला, आणि संघ अंतिम फेरीत. २०२४ मध्ये कप, २०२५ मध्ये पुन्हा कप.

टॅलन बरोबर होते का? मला वाटतं, त्यांचा निर्णय तेव्हाही धोक्याचा होता आणि आजही तसाच म्हणायला हवा. फरक पडला तो सही झाल्यानंतरच्या वागण्यात. टॅलन यांच्या जागी आलेले बिल झिटो यांनी करार मोडला नाही, माणसाला लाथाडलं नाही. त्यांच्या काळात क्लबनं गोलरक्षकांसाठी स्वतंत्र विभाग उभारला आणि त्यात बसवलं कुणाला, तर रॉबर्टो लुओंगोला. निर्णय जनरल मॅनेजरचाच, पण आपल्याला जे कळत नाही ते कळणारा माणूस त्याच्या खोलीत होता, आणि जुन्या खेळाडूला खुर्चीवर बसवण्यापेक्षा खुर्चीशेजारी बसवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

२०२४ चा कप उचलताना बोब्रोव्स्कीचा राखीव गोलरक्षक होता अँथनी स्टोलार्झ. २०१२ मध्ये बोब्रोव्स्कीच्या बदल्यात मिळालेल्या दुसऱ्या फेरीतल्या निवडीवर फ्लायर्सनं घेतलेला, तोच. आठांतला तोही एक. २०१९ मध्ये त्यालाही सोडलं.

त्या अंतिम फेरीत हरलेल्या एडमंटननं २०२२ मध्ये, केन हॉलंड जनरल मॅनेजर असताना, जॅक कॅम्पबेलला ५ वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर दिले होते. दुसऱ्या हंगामात नोव्हेंबरमध्येच त्याला खालच्या लीगमध्ये पाठवावं लागलं. सातवा सामना हरल्यावर आठवड्याच्या आत हॉलंड क्लबमधून बाहेर पडले आणि कॅम्पबेलचा करार विकत घेऊन संपवण्यात आला. त्याचा बोजा एडमंटनच्या पगारमर्यादेवर २०३० पर्यंत राहील. जून २०२५ मध्ये ते पुन्हा बोब्रोव्स्कीसमोर उभे राहिले, स्टुअर्ट स्किनर आणि कॅल्विन पिकार्ड यांना आलटून पालटून खेळवत, आणि सहा सामन्यांत हरले.